विजराज पुन्हा पहिल्यापासून

पिंपरी-चिंचवडला फिरायला म्हणून कोणी जात नाही. नोकरी लागली म्हणून जातात, पुतण्यानं फ्लॅट घेतला म्हणून वास्तुशांतीला जातात, नाहीतर पुण्याला जाताना गाडीच्या खिडकीतून बघतात. मी मात्र तिथे चांगली पाच दिवस राहून आले. परत आल्यावर सांगलीतल्या शेजारणींनी विचारलं, "तिथं बघण्यासारखं काय आहे गं?" तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. आता सावकाश लिहिते.

आधी मी का गेले ते सांगायला हवं. 'विजराज' नावाचं एक मराठी कॉमिक आहे. अंगात वीज खेळवणारा, पिवळा अंगरखा घालणारा, अन्याय दिसला की बोटातून ठिणग्या सोडणारा हा वीर दर महिन्याला सांगलीतल्या एका छोट्या छापखान्यातून बाहेर पडतो. गेली सव्वीस वर्षं त्याच्या गोष्टी मी लिहिते. मुखपृष्ठावर माझं नाव नुसतं 'सु. रा. माने' असं छापतात, त्यामुळे वाचकांची पत्रं 'माननीय माने सर' अशी येतात. सुरुवातीला मी खुलासे करायचे. नंतर सोडून दिलं.

तर छापखान्याचे मालक थकले आणि त्यांचा मुलगा केदार कारभार बघू लागला. केदार हुशार आहे, मला लहानपणापासून काकू म्हणतो आणि गोड बोलून मान कापतो. एक दिवस म्हणाला, "काकू, आपला अंक आता तीनशे शहाऐंशीवर आलाय. नवीन वाचक हातात घेतो आणि घाबरून खाली ठेवतो. आपण रीबूट करू. परत अंक एक. जुनं सगळं पुसायचं."

"सगळं म्हणजे?"

"लग्न, मुलगा, शत्रू, सगळं. नवा विजराज."

विजराजचं लग्न मी लावलं होतं, दोनशेव्या अंकात, जोड अंक काढून. मी केदारला नाही म्हटलं. तो म्हणाला, मग वर्षभरात मासिक बंद करावं लागेल. त्यावर मी चार दिवसांत रागारागानं नवा पहिला अंक लिहून दिला. त्यानं त्याच्या थोड्या प्रती छापून घेतल्या आणि मला म्हणाला, "तुम्हीच जाऊन बघा. पिंपरी-चिंचवड, चाकण. सगळ्या महाराष्ट्रातली तरुण माणसं तिथं आहेत. नवे आणि जुने दोन्ही अंक मांडा. लोक काय उचलतात ते मला सांगा."

माझी भाची रेवती चिखलीत राहते आणि महाळुंग्याच्या एका कारखान्यात कर्मचारी विभागात काम करते. राहायची सोय झाली. मी निघाले ते नवा अंक आपटावा अशी मनोमन इच्छा धरून. हे तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

तळवडे, बुधवार

मी पोचले होते, अंक पोचले नव्हते. कुरियरवाल्यानं खोकं दुसरीकडेच टाकलं होतं. खोक्यावर केदारनं ठळक अक्षरात फक्त 'विजराज' लिहिलं होतं आणि पत्ता बारीक. कुरियरच्या पोरानं डोकं चालवून ते तळवड्याच्या 'विजराज मोटार वाइंडिंग' या दुकानात नेऊन दिलं होतं.

रेवतीच्या स्कूटरवर मागे बसून मी तिथे गेले. एका बाजूला काचेच्या आयटी इमारती, गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलं चहा पितायत. आणि रस्ता ओलांडला की पत्र्याच्या शेडांची रांग, लेथचा आवाज, ऑइलचा वास. आमच्याकडे हळदीचा वास जसा अंगाला चिकटतो तसा इथे हा. दुकानाच्या पाटीवर पिवळ्या अंगरख्यातला विजराज रंगवला होता, हातात पाण्याच्या मोटारीची गुंडाळी घेतलेला. चेहरा जरा सुजल्यासारखा होता, पण ओळखू येत होता.

मालकांचं नाव गुलाबराव. तळवड्यातलंच जुनं शेतकरी घराणं. जमिनीवर शेड उभ्या करून भाड्यानं दिल्या आणि स्वतः जळलेल्या मोटारी भरून देण्याचं काम करत राहिले. खोकं त्यांनी उघडलं होतं आणि स्टुलावर बसून नवा अंक वाचत होते.

"माने सर कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"मीच माने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं, मग रेवतीकडे पाहिलं. "व्हय?" म्हणाले. मग उठून स्टूल स्वतःच्या हातानं पुसलं आणि मला बसायला दिलं.

पहिल्या अंकापासूनचे सगळे अंक त्यांच्याकडे होते. दुकानामागच्या घरात, कपाटात, प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यांच्या मंडळींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात मासवडी आली. मासे खाल्ले की माझ्या अंगावर पित्त उठतं, म्हणून मी ती वाटी हळूच रेवतीकडे सरकवली. वहिनींनी ते पाहिलं. "अवो, त्यात मासा न्हाई. बेसन, तीळ, खोबरं. नुस्तं नाव मासवडी." मी खाल्ली. बाजरीची भाकरी, लालभडक रस्सा आणि आत तीळखोबऱ्याचं सारण भरलेल्या त्या वड्या. सांगलीकडे हा पदार्थ करत नाहीत, हे आमचं नुकसान आहे. मी चार खाल्ल्या.

हात धुतल्यावर गुलाबराव म्हणाले, "सर, म्हंजे ताई, एक इचारू का? नव्या अंकात विजराजचं लगीन झाल्यालं न्हाई."

"नाही."

"दोनशेव्या अंकात झालंय. आमी वाचलंय. तेला परत ब्रह्मचारी करताय व्हय?"

मी म्हटलं, माझी इच्छा नाही, मालकांच्या मुलाची आहे. एवढं ऐकल्यावर आमची युती झाली. खोकं स्कूटरवर ठेवताना मात्र त्यांनी नव्या पहिल्या अंकाच्या पाच प्रती विकत घेतल्या. "वाचायला न्हाई," म्हणाले, "ठिवायला. पैला अंक हाय."

चिखली, गुरुवार

या भागात आठवड्याची सुटी रविवारी नसते, गुरुवारी असते. कारखाने गुरुवारी बंद, म्हणून बाजार, डोक्याला तेल, लग्नाच्या बैठका, सगळं गुरुवारी. रविवारी सकाळी सगळे डबे घेऊन कामाला निघतात. मला दिवसभर आज रविवार आहे असंच वाटत राहिलं आणि मी दोनदा रेवतीला विचारलं, उद्या सोमवार ना.

रेवतीच्या सोसायटीत क्लब हाउसपुढे आम्ही टेबल मांडलं. चिखलीत अशा सोसायट्या इतक्या उगवल्यायत की एका इमारतीच्या गच्चीतून दुसरीतल्या दोरीवरचे टॉवेल मोजता येतात, आणि खाली लगेच वेल्डिंगची दुकानं. टेबलाच्या एका बाजूला नवा अंक एक, दुसऱ्या बाजूला जुने.

अर्ध्या तासात अंक एकचा ढीग निम्म्यावर आला. माझं तोंड उतरलं. मी एका कोपऱ्यात जाऊन केदारला फोन केला. तो इतका खूष झाला की मला पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

पण मग मी घेणाऱ्यांकडे नीट बघायला लागले. सगळे चाळिशी-पंचेचाळिशीचे बाप्ये. पोट सुटलेले, अर्ध्या चड्डीतले, चेहऱ्यावर शाळेतला आनंद. "अरे राव, हा अजून चालू आहे?" असं म्हणायचे, अंक एक उचलायचे, दुसरा मित्रासाठी घ्यायचे. एकानं वास घेतला आणि पिशवी मागितली. मी त्याला विचारलं, घरी कोण वाचणार? "वाचणार कोणी नाही, मॅडम," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पोरगा मोबाइलवर असतो. पण पहिला अंक आहे ना, पुढे किंमत येईल."

म्हणजे नवे वाचक यावेत म्हणून काढलेला अंक नेमका जुनेच घेऊन चालले होते. मला बरं वाटलं. लगेच दुसरं बरं वाटण्यासारखं घडलं. रेवतीची नऊ वर्षांची मुलगी अन्वी टेबलाखाली पालथी पडून वाचत होती. पाहिलं तर अंक दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यात विजराजचा हरवलेला भाऊ परत येतो आणि त्यासाठी मागचे निदान नऊ अंक वाचलेले हवेत.

"तुला कळतंय का गं काही?"

"हो. हा चांगला, हा वाईट, आणि हा वाईट आहे पण रडतोय म्हणजे चांगला होणार."

"मागचं माहीत नाही तरी?"

"मागचं कशाला पाहिजे?" ती म्हणाली आणि पान उलटलं.

मी त्या रात्रीच्या जेवणाला श्रीखंड आणलं. रेवतीच्या नवऱ्यानं कारण विचारलं. तो संगणकाच्या कंपनीत आहे. म्हणाला, "मावशी, आमच्याकडे काही बंद पडलं की पहिल्यांदा रीबूटच करतात. दहापैकी एकदा चालू होतं." मी त्याला आणखी एक वाटी वाढली. परत जाऊन केदारला काय सांगायचं ते माझं ठरलं होतं: अंकावरचा आकडा बदलून कोणी नवा येत नाही, मुलं कुठूनही वाचतात, विजराजला सुखानं नांदू द्या.

महाळुंगे, शुक्रवार

महाळुंग्याला रेवतीनं कारखान्याच्या कॅन्टीनबाहेर टेबल लावायची परवानगी काढली होती. गाव मधे आणि चारी बाजूंनी कारखाने. देवळाचा कळस आणि कारखान्याचं धुराडं एकाच चौकटीत दिसतं. रस्त्यानं गाड्यांचे सांगाडे वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर वळताना सगळं गाव थांबून राहतं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

जेवणाच्या सुटीत निळ्या ॲप्रनमधल्या बायका बाहेर आल्या. या गाड्यांच्या वायरी जुळवण्याच्या विभागातल्या. बऱ्याचजणी नुसत्या बघून पुढे गेल्या. एक थांबली. तिशीच्या आतली, बारीक, ॲप्रनच्या खिशात टेपचा तुकडा अडकलेला. जुन्या अंकांच्या ढिगाकडे तिनं पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. मग अंक एक दिसला.

"हा पयला हाय ना?"

"हो."

"याच्या आधीचं काई नाई ना?"

"नाही."

"मग द्या."

मी हसून म्हटलं, "जुना घेतला तरी कळेल हो. आमची नात मधूनच वाचते."

"लेकरांचं बरं असतंय," ती म्हणाली. "मला नाई जमत." आणि अंक घेऊन आत गेली.

तिचं नाव संगीता. लातूर जिल्ह्यातल्या एका गावची. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी ती रेवतीच्या कचेरीत गेली आणि विचारलं, काल पुस्तकं घेऊन बसलेल्या ताई परत येणार हायत का. माझं त्याच दुपारचं तिकीट होतं. मी ते पुढे ढकललं. कौतुक ऐकायला मिळेल असं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

पुन्हा महाळुंगे, शनिवार

संगीताची पहिली पाळी सुटल्यावर मी तिच्या खोलीवर गेले. ती आणि तिची एक मैत्रीण मिळून राहतात. खोलीत दोन गाद्या, गॅसची शेगडी, भिंतीवर कॅलेंडर, आणि खिडकीत अंक एक, मधे बसचा पास खूण म्हणून घातलेला. तिनं चहा केला आणि वर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. मग अंक उघडून समोर धरला.

"ताई, हितं सगळे हसायलेत. कामून हसायलेत?"

पान तिसरं. विजराज पहिल्यांदा शहरात येतो, एक कुत्रं त्याच्या पायात घुटमळतं आणि चौकातले सगळे लोक हसतात.

"अगं, ते कुत्रं म्हणजे," मी म्हणाले, "एकशे बाराव्या अंकात याच कुत्र्यानं विजराजला वाचवलं होतं, आणि नंतर ते बोलायला लागलं होतं, आणि..." मी सांगत गेले. चहावर साय धरली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आन ही बाई पान अकरावर येती, याच्याकडं बघती आन निघून जाती. ती कोण?"

ती विजराजची बायको होती. म्हणजे जुनी. नव्यात तिला काढायचं म्हणून केदारनं सांगितलं होतं, पण मला राहवलं नव्हतं, म्हणून एका चौकोनात तिला मी रस्त्यावरून जाऊ दिलं होतं. गुलाबरावांसारख्यांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून.

संगीता थोडा वेळ पानं चाळत राहिली. मग म्हणाली, "राग नका येऊ देऊ. पुस्तकावर एक लिवलंय. पर गोष्ट एक नाई."

मला राग आला. सव्वीस वर्षं लिहिते, हे तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "एवढं कशाला अडतं तुझं पहिल्यापासूनवर?"

तिनं सरळ सांगितलं. वडील वीटभट्ट्या, रस्त्याची कामं अशी कामं करत फिरायचे. शाळा दरवर्षी बदलायची, एका वर्षी तर तीनदा. "कुटंबी गेलं की वर्गात सातवा धडा चालू असायचा," ती म्हणाली. "बाई म्हणायच्या, मागचं मुलींना इचार. मुली सांगायच्या नाईत. त्या हसायच्या आन मी पण हसायची, कळल्यावानी. आता कंपनीत लागले, माज्या पैशानं पुस्तक घेतलं, त्यात पण तेच हसणं."

ती तक्रार करत नव्हती. लाडू खा म्हणाली.

मी लाडू खाल्ला, पण त्याची चव आठवत नाही. ज्या बाप्यांना मी गुरुवारी मनात हसले होते, त्यांच्यासाठीच मी तो अंक लिहिला होता. आपटावा म्हणून लिहिला होता. दार उघडं आहे अशी पाटी लावायची आणि आत आलेल्याला कळू द्यायचं की बाकी सगळे आधीपासून बसलेत. तेही हातचलाखीनं, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं. आणि अन्वीला मधून कळतं हे खरंच होतं, पण सगळ्या माणसांना अन्वीसारखं घरच्या टेबलाखाली पालथं पडून वाचायला मिळालेलं नसतं.

"तुला काय आवडलं असतं?" मी विचारलं.

"ह्यो कुठं राहतो, काय काम करतो, ते नाईच सांगितलं," ती म्हणाली. "आमच्या लाइनीवर कदीकदी शॉक बसतो. वाटलं, याला पण तसाच बसला आसंल पयल्यांदा. भ्याला आसंल."

विजराजला वीज मिळते ती हिमालयातल्या एका साधूकडून. हे माझ्या आधीच्या लेखकानं ठरवलं होतं आणि तो कधी भ्याला का, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता.

चिखली, रविवार

सगळे डबे घेऊन कामाला गेल्यावर मी रेवतीच्या जेवणाच्या टेबलावर लिहायला बसले. आधी मी गुलाबरावांना फोन केला. त्यांना न सांगता पुढे जाणं मला बरं वाटेना.

"गुलाबराव, मी नवा पहिला अंक परत लिहितेय. यात लग्न नाही, कुत्रं नाही, मागचं काहीच नाही. खरंच काही नाही."

पलीकडे मोटार फिरत होती. त्यांनी ती बंद केली.

"तुमी तर आमच्या बाजूनं व्हता, ताई."

"होते."

"मला त्या लग्नाला जाऊन आल्यावानी वाटतं," ते म्हणाले. "माज्या लग्नाच्या वक्ताला वाचला व्हता तो अंक."

मला स्वतःलाच ते लग्न मोडल्यासारखं वाटत होतं.

मग ते म्हणाले, "कपाटातलं तर कोन नेत न्हाई ना?"

"ते कोण नेणार."

"मंग द्या नव्यांना नवा. पर नीट द्या. आन येक आमाला बी ठिवा. या टायमाला वाचून बघतो."

संध्याकाळपर्यंत मी लिहीत होते. नवा विजराज महाळुंग्याच्या एका कारखान्यात वायरी जुळवतो, खोलीत दुसऱ्याबरोबर राहतो, आणि त्याला पहिल्यांदा शॉक बसतो तेव्हा तो भिऊन कोणाला सांगत नाही. बावीस पानं झाली. सव्वीस वर्षांत मला एवढं कमी माहीत असलेला माणूस मी लिहिला नव्हता. मजा आली, हे केदारला सांगायची मात्र माझी तयारी नव्हती.

सांगली

केदारला मी खरं ते सांगितलं. पहिल्या अंकाचा ढीग संपतो, पण त्यावर जाऊ नकोस. तो आपल्याच माणसांनी संपवला. नवं माणूस येतं, आकडा बघूनच येतं, मी चुकले होते. पण आत आल्यावर त्याला बसायला जागा नसेल तर दुसरा अंक घ्यायला ते येणार नाही. आणि सारखं सारखं एकवर आलास तर एकलाही काही अर्थ राहणार नाही. छापलेल्या प्रती रद्दीत दे आणि हे छाप. त्यानं माझी बावीस पानं उभ्यानं वाचली. मग बसून पुन्हा वाचली. "काकू, हे आधी का नाही दिलंत?" म्हणाला. मी भडंग खात होते, त्यामुळे उत्तर द्यायची गरज पडली नाही.

नव्या अंकानं वाचक वाढतील का ते मला आज सांगता येत नाही. काही जुन्या वाचकांची संतापाची पत्रं आली आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. एकानं तर 'माने सर, तुमची बदली झाली का' असं विचारलंय.

छापायला देण्याआधी मी पानांचे फोटो संगीताला पाठवले होते. दोन दिवस काही उत्तर नाही. मी दर तासाला फोन बघत होते, दहावीच्या निकालाची वाट बघितली नव्हती इतकी. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा आवाजी निरोप आला, मागे कॅन्टीनची भांडी वाजत होती.

"ताई, समदं कळालं. पर पान चार बघा. तुमी याला सातच्या बसला बसवलाव. पयली पाळीच सातची आसती. बस सव्वासहाला येती. असा गेला तर पयल्याच दिवशी गेटाबाहेर उभा करतेल त्याला."

मी छापखान्यात गेले आणि पान चार थांबवलं.